उठला की उठली? ‘ऑर्लँडो’ वाचायला घेताना

इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांच्या ‘ऑर्लँडो’ या कादंबरीची गोष्ट थोडक्यात सांगता येते. पहिली एलिझाबेथ इंग्लंडवर राज्य करत असताना सोळा वर्षांचा असलेला एक उमरावाचा मुलगा तिसाव्या वर्षी कॉन्स्टँटिनोपलला सात दिवस गाढ झोपतो आणि उठतो तेव्हा स्त्री झालेला असतो. तिथून अडीच शतकं उलटतात, वय मात्र सहाच वर्षांनी वाढतं, आणि ११ ऑक्टोबर १९२८ या दिवशी छत्तीस वर्षांची ऑर्लँडो लंडनमध्ये मोटार चालवताना दिसते. पुस्तक बाजारात आलं तेही नेमकं त्याच दिवशी.

गोष्ट सोपी असली तरी पुस्तक अवघड आहे. बहुतेकांचं वाचन दुसऱ्या प्रकरणात थांबतं, म्हणजे ज्या प्रसंगासाठी पुस्तक हातात घेतलं तो येण्याआधीच. इंग्रजी कच्चं आहे असा समज करून घेऊन लोक ते बाजूला ठेवतात. खरं तर ही कादंबरी वाचताना मराठी माणसाकडे एक असं साधन असतं जे इंग्रजी वाचकाकडे नाही: आपलं क्रियापद. ते कसं वापरायचं हे तिसऱ्या प्रकरणापाशी सविस्तर येईल. आधी तयारी.

कोणती प्रत घ्यावी

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक कॉपीराइटमधून मोकळं होतं. वुल्फ १९४१ मध्ये गेल्या, त्यामुळे आपल्याकडे ‘ऑर्लँडो’ केव्हाच मुक्त झाली आहे. मोबाइलवर फुकट वाचली तर त्यात बेकायदा काही नाही. अडचण वेगळीच आहे. स्वस्त छपाईच्या आणि फुकट ई-प्रतींमधून तीन गोष्टी सर्रास गळतात: सुरुवातीची प्रस्तावना, आठ चित्रं आणि शेवटची सूची. या तिन्ही कादंबरीचाच भाग आहेत. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर ‘एक चरित्र’ असं उपशीर्षक आहे. खऱ्या चरित्रात जसे ऋणनिर्देश, छायाचित्रं आणि नामसूची असते, तशी सगळी मांडणी वुल्फ यांनी मुद्दाम केली. प्रत घेताना मागची पानं उलटून सूची आहे का ते बघा, मग चित्रं मोजा. टिपा हव्या असतील तर ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्स किंवा पेंग्विनची टिपांसह असलेली आवृत्ती घ्या. मात्र टिपा प्रकरण संपल्यावरच वाचा. दर ओळीला मागे जाऊन टीप बघणाऱ्याच्या हातून वाक्याची लय सुटते, आणि या पुस्तकात लय सुटली की अर्थही सुटतो.

आधी माहीत हवं ते एवढंच

पुस्तक व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट या लेखिकेला अर्पण केलेलं आहे. वुल्फ यांचं व्हिटावर प्रेम होतं, आणि ऑर्लँडो म्हणजे बरीचशी व्हिटाच. आठ चित्रांपैकी तीन तिचीच छायाचित्रं आहेत. केंटमधल्या नोल नावाच्या प्रचंड वाड्यात ती वाढली. जानेवारी १९२८ मध्ये तिचे वडील वारले आणि वाडा काकांकडे गेला, कारण ती मुलगी होती. कादंबरीतला वाडा नोलवरच बेतलेला आहे. ज्या घरावर व्हिटाला हक्क सांगता आला नाही ते घर ऑर्लँडोकडे साडेतीन शतकं राहतं. हे ध्यानात ठेवलं की वाड्याच्या खोल्या, पलंग, पडदे यांची लांबलचक वर्णनं कंटाळवाणी वाटत नाहीत.

दुसरी गोष्ट, वुल्फ यांचे वडील लेस्ली स्टीफन हे इंग्लंडच्या राष्ट्रीय चरित्रकोशाचे पहिले संपादक. थोर पुरुषांची जन्म, शिक्षण, पद, मृत्यू अशा साच्यातली चरित्रं या लेखिकेने घरातच तयार होताना पाहिली. म्हणून कादंबरीचा निवेदक हा एक गंभीर चरित्रकार आहे. पुरावा मिळाला की तो खुलतो, आणि नायक नुसता विचार करत बसला की त्याची पंचाईत होते. आपल्या बखरींचा सूर ओळखीचा असेल तर हा निवेदक लवकर पकडता येतो. बखरीत जसं युद्धाचं वर्णन फुगत जातं आणि वाचणाऱ्याला किती मानायचं ते कळत असतं, तसंच इथे.

वेळ आणि जागा

कादंबरी साधारण ऐंशी हजार शब्दांची आहे, प्रकरणं सहा. चौथं आणि सहावं सर्वांत मोठं, दोन्ही मिळून जवळपास निम्मं पुस्तक. तिसरं आणि पाचवं आटोपशीर. रोज दहा पानं धरली तर तीन-साडेतीन आठवडे लागतात. यापेक्षा सावकाश वाचू नका, आधीचं शतक डोक्यातून पुसलं जातं.

ठाण्याहून पनवेलकडे जाणाऱ्या लोकलमध्ये ठाण्यालाच बसायला मिळालं तर पाऊण-एक तास सलग मिळतो. पहिलं, चौथं आणि पाचवं प्रकरण तिथे छान वाचून होतं, कारण त्यात घटना भरपूर आहेत. दुसरं आणि सहावं मात्र गाडीत नेऊ नका. त्यात एकेक परिच्छेद दोन-दोन पानं चालतो. तुर्भ्याला गर्दी हलली की ओळ हरवते, आणि पुन्हा सुरुवातीपासून शोधावं लागतं. ही दोन प्रकरणं घरी, रात्री, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून वाचा.

हातात पेन्सिल असू द्या. निवेदक गोष्ट थांबवून स्वतः बोलायला लागला की समासात उभी रेघ ओढा. काळ उडी मारतो तिथे साल लिहा. साल दिलेलं नसेल तर राजा किंवा राणी कोण ते लिहा. कपड्यांचा उल्लेख आला की गोल करा, साधा मोजा असला तरी. हे गोल चौथ्या प्रकरणात कामी येतात.

पल्लेदार वाक्यं

वुल्फ यांचं वाक्य अर्धविरामांवर चालतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून आपण नकळत वाक्य संपेपर्यंत अर्थ रोखून धरतो. इंग्रजी वाक्यात कर्ता आणि क्रियापद बहुधा सुरुवातीलाच येतात आणि पुढे नुसती भर पडत जाते. त्यामुळे मोठं वाक्य आलं की पहिला कर्ता आणि पहिलं मुख्य क्रियापद शोधा, तिथे क्षणभर थांबा, मग पुढचं ओघाने येऊ द्या. तरी अडलं तर ते पान मोठ्याने वाचा. नवा शब्द अडला तर पानाला दोनपेक्षा जास्त वेळा शब्दकोश उघडू नका. फुलं, कापड आणि फर्निचर यांची नावं तर सरळ सोडून द्या.

पहिली दोन प्रकरणं

पहिल्याच वाक्यात ऑर्लँडो छताला टांगलेल्या एका मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या मुसलमान, माणसाच्या कापलेल्या डोक्यावर तलवार चालवतो आहे. हे खटकतं आणि खटकलंच पाहिजे. पुढे जिप्सींबद्दलही त्या काळातल्या इंग्रजाची नजर दिसते. ती पानं गाळू नका, गुळगुळीतही करू नका. ज्या घराण्याचा वैभवशाली वारसा पुढे येणार आहे तो कशावर उभा होता, याची नोंद पहिल्याच ओळीत झाली आहे.

१६०८ च्या थंडीत टेम्स नदी खरोखरच गोठली होती. त्यावर वुल्फ यांनी रचलेलं वर्णन संपूर्ण पुस्तकाची चावी आहे. पक्षी उडता उडता गोठून दगडासारखे पडतात, आणि नॉरिचची एक तरुण बाई वाऱ्याच्या झोताने पिठासारखी उडून जाते. इथे ‘हे कसं शक्य आहे?’ असा प्रश्न विचारणारा वाचक तिसऱ्या प्रकरणात अडकणार हे नक्की. निवेदक शांतपणे सांगतो आहे, तर आपणही शांतपणे ऐकायचं, ही सवय इथेच लावून घ्या. ऑर्लँडो साडेतीनशे वर्षं का जगतो, याचं कारण पुस्तकात शेवटपर्यंत दिलेलं नाही. ते शोधण्यात वेळ घालवू नका.

दुसरं प्रकरण संथ आहे. त्यातल्या दोन गोष्टींवर नजर ठेवा. एक, साशा ही रशियन राजकन्या सोडून गेल्यावर ऑर्लँडो सात दिवस झोपतो आणि उठतो तेव्हा त्याच्या आठवणी पुसट झालेल्या असतात. सात दिवसांची झोप पुस्तकात दोनदा येते, आणि पहिली निसटली तर दुसरी निव्वळ जादू वाटते. दुसरी गोष्ट म्हणजे आर्चडचेस, म्हणजे युरोपातल्या राजघराण्यातली बाई, हॅरिएट. तिच्या नावाखाली दोन रेघा ओढून ठेवा. चौथ्या प्रकरणात तिच्याबद्दल जे कळतं त्याने ऑर्लँडोचा बदल एकट्यापुरता राहत नाही. मधली काळावरची पानं आणि वाडा सजवण्याची यादी भराभर वाचली तरी चालेल.

तिसरं प्रकरण: इथे थांबा

बदलाचा प्रसंग आधी नाटकासारखा येतो. पावित्र्य, शील आणि विनय अशा तीन बायका ऑर्लँडोच्या खोलीत येतात आणि सत्य झाकून ठेवायला बघतात. तुताऱ्या त्यांना हाकलतात. मग ऑर्लँडो आळस देतो, उठतो, विवस्त्र उभा राहतो, आणि चरित्रकार कबूल करतो की तो स्त्री होता.

हे वाक्य मराठीत कागदावर लिहून बघा. ‘तो स्त्री होता.’ कानाला बोचतं. ‘तो स्त्री होती.’ व्याकरण मोडतं. ‘ती स्त्री होती.’ व्याकरण बरोबर, पण प्रसंगच नाहीसा झाला, कारण सांगण्यासारखं काही उरलंच नाही. इंग्रजीत सर्वनामाला लिंग आहे, क्रियापदाला नाही, म्हणून वुल्फ यांना ‘तो’ आणि ‘स्त्री’ एकाच वाक्यात शेजारी बसवता आले. इंग्रजी वाचक त्यावरून सहज पुढे जातो. आपण वाक्य मनात मराठीत फिरवलं की तिथे काय घडलं ते दाताखाली खडा यावा तसं जाणवतं.

आता पुढचा परिच्छेद घ्या. ऑर्लँडो आरशात स्वतःला न्याहाळतो, जराही गडबडत नाही आणि अंघोळीला जातो. एवढाच मजकूर मराठीत तीन वेळा लिहा.

पहिल्यांदा: ऑर्लँडो उठला, आरशासमोर उभा राहिला, गडबडला नाही, अंघोळीला गेला.

दुसऱ्यांदा: ऑर्लँडो उठली, आरशासमोर उभी राहिली, गडबडली नाही, अंघोळीला गेली.

तिसऱ्यांदा: ऑर्लँडोने डोळे उघडले, आरशात पाहिलं, ऑर्लँडोला काही वावगं वाटलं नाही, ऑर्लँडोने स्नानघराची वाट धरली.

तिसऱ्या प्रकारात लिंग कुठेच दिसत नाही. मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्त्याला ‘ने’ लागला की कर्त्याचं लिंग सोडतं आणि कर्माचं धरतं. ‘वाट धरली’ मधली ‘ली’ वाटेची आहे, ऑर्लँडोची नाही. ‘ला वाटलं’ या रचनेतही तेच होतं. म्हणजे आपल्या भाषेत माणूस नुसता उठला, बसला, गेला की लगेच तो किंवा ती ठरतो. त्याने काही केलं, पाहिलं, धरलं, किंवा त्याला काही वाटलं, की तो फक्त माणूस उरतो. हा प्रयोग करताना एक फसगत नेहमी होते. म्हणणे, बोलणे, शिकणे, विसरणे ही क्रियापदं ‘ने’ घेत नाहीत, म्हणून ‘ऑर्लँडो म्हणाला’ किंवा ‘म्हणाली’ इथे निवड करावीच लागते. ऑर्लँडोला बोलतं करायचं असेल तर ‘ऑर्लँडोने विचारलं’ किंवा ‘ऑर्लँडोने सांगितलं’ असं लिहा.

हा खटाटोप कशासाठी, ते लगेच खालच्या ओळींत कळतं. चरित्रकार म्हणतो की बदलामुळे भविष्य बदललं, ओळख मुळीच बदलली नाही. या वाक्यात तो इंग्रजी अनेकवचनी सर्वनाम वापरतो, आपल्या ‘त्यांचं’सारखं. दोन ओळींनंतर ‘त्याची स्मृती’ लिहितो, स्वतःला अडवतो, आणि सांगतो की यापुढे रूढीखातर ‘तिची’ म्हणायचं. एका परिच्छेदात त्याचं, त्यांचं, तिचं अशी तिन्ही रूपं येतात. पेन्सिलीने तिन्हींना वेगवेगळ्या खुणा करा. स्त्रीलिंगी रूप रूढीसाठी आलं आहे, ऑर्लँडोच्या आतून आलेलं नाही, हे चरित्रकाराच्या तोंडचे शब्द आहेत. आपल्याकडे ‘त्यांचं’ आदरार्थीही चालतं, त्यामुळे मराठी कानाला ते मधलं रूप अगदी सहज वाटतं.

जहाज, कपडे आणि कोर्ट

चौथ्या प्रकरणात ऑर्लँडो बाईच्या पोशाखात जहाजाने इंग्लंडला परतते. तिचा घोटा दिसला म्हणून डोलकाठीवरचा खलाशी पडता पडता वाचतो. मग ती हिशोब करते: केसांना सकाळचा एक तास, आरशासमोर दुसरा, मग नाड्या आवळणं. पुरुष असताना आपणच बायकांनी आज्ञाधारक, शीलवान आणि सुगंधी असावं असा आग्रह धरला होता, हेही तिला आठवतं. ही पानं सावकाश वाचा. स्त्रीपण म्हणून जे समजलं जातं त्यातलं किती निसर्गाचं आणि किती रोजच्या मेहनतीचं, याचा जमाखर्च इथे तासांमध्ये मांडला आहे.

पुढे कपड्यांवरचा प्रसिद्ध उतारा येतो. तो हमखास अर्धाच वाचला जातो. आधी चरित्रकार एक मत मांडतो: आपण कपडे घालत नाही, कपडेच आपल्याला घालतात. बहुतेक जण इथेच अधोरेखित करून थांबतात. पण पुढच्याच परिच्छेदात तो उलट बाजू घेतो. कपडे हे खोल दडलेल्या कशाची तरी खूण आहेत, ऑर्लँडोच्या आत काही बदललं म्हणून तिने स्त्रीचा पोशाख निवडला, आणि प्रत्येक माणूस या टोकापासून त्या टोकापर्यंत हेलकावत असतो. दोन्ही मतं वहीत समोरासमोर लिहा आणि आधी केलेले कपड्यांचे गोल तपासून कोणता कुठे बसतो ते बघा. बालगंधर्वांच्या शालू-दागिन्यांच्या रूपाची महाराष्ट्रभर नक्कल होत असे, हे ऐकत मोठे झालेल्या वाचकाला पहिलं मत लगेच पटतं. दुसऱ्यासाठी थोडं थांबावं लागतं.

घारापुरीच्या लेण्यातला अर्धनारीश्वर इथे अनेकांना आठवतो. तुलना करा, पण फरक नीट ठेवून. शिल्पात दोन्ही अंगं एकाच वेळी आहेत. ऑर्लँडो आधी एक आणि मग दुसरं आहे, आणि दोन्हीकडे तेच माणूस आहे. जनाबाई विठ्ठलाला ‘विठाबाई’ म्हणते तिथे वुल्फ यांच्याशी जास्त जवळीक सापडते, कारण समोरचा तोच राहतो आणि हाक बदलते.

परतल्यावर ऑर्लँडोवर तीन दावे लागतात: ती मेलेली आहे, ती बाई आहे, आणि ती ड्यूक असताना रोझिना पेपिटा या नर्तिकेशी लग्न करून तीन मुलांचा बाप झाली. पहिल्या दोन्हींचा परिणाम सारखाच, मालमत्ता ठेवता येत नाही. पेपिटा हे व्हिटाच्या आजीचं, एका स्पॅनिश नर्तिकेचं नाव होतं. पाचव्या प्रकरणात कोर्ट ती स्त्री असल्याचा निकाल देतं, तोवर शतक उलटलेलं असतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क व्यक्तीचा आहे असं सांगितलं. तो निकाल माहीत असेल तर कादंबरीतलं कोर्ट कुणाला काय विचारत नाही, ते चटकन दिसतं.

शेवटची दोन

पाचवं प्रकरण जुलैत वाचा. एकोणिसावं शतक लंडनवर एका ढगासारखं येतं आणि ओल घराघरांत शिरते, लाकडात, दौतीत, माणसांच्या मनात. वेली माजतात, दाढ्या वाढतात, बायकांची बाळंतपणं संपत नाहीत. कपाटाचं दार फुगून बसलेलं आणि पुस्तकांना बुरशीचा वास, अशा ठाण्याच्या पावसाळ्यात हे वेगळं समजावून घ्यावं लागत नाही. ऑर्लँडो ज्याच्याशी लग्न करते तो शेल्मर्डाइन आणि ती एकमेकांना ओळखतात ती जागा चुकवू नका: ती त्याला म्हणते तू बाई आहेस, तो तिला म्हणतो तू पुरुष आहेस, आणि दोघांनाही त्याचा आनंद होतो.

सहावं सर्वांत कठीण. दुकानातली लिफ्ट, मोटार, घड्याळाचे ठोके, आणि ऑर्लँडोच्या आतली असंख्य ‘मी’. इथे घटना शोधू नका, ठोके मोजा. प्रत्येक ठोका वर्तमानात परत आणतो. शक्यतो दोन बैठकांत संपवा.

सोबतीने वाचायचं असेल तर

चार शनिवार पुरतात: पहिली दोन प्रकरणं, मग तिसरं एकटं, मग चौथं, शेवटी पाचवं-सहावं. १८९३ पासून चालू असलेलं मराठी ग्रंथसंग्रहालय ज्या ठाणे शहरात आहे तिथे सोबत वाचणारी चार माणसं मिळायला जड जाऊ नये. तिसऱ्या प्रकरणातला तीन बायकांचा प्रवेश आवाज वाटून घेऊन मोठ्याने वाचा, सात-आठ मिनिटांत होतो.

चर्चेआधी शब्द ठरवून घ्या. मराठीत ‘लिंग’ शरीराचंही आणि व्याकरणाचंही, म्हणून बोलताना गोंधळ होतो. समाज जो ठरवतो त्याला लिंगभाव, माणूस स्वतःला जे ओळखतो त्याला लिंगओळख, आणि कुणाबद्दल ओढ वाटते त्याला लैंगिकता म्हणा. साशावरचं प्रेम ऑर्लँडो स्त्री झाल्यावरही टिकतं, हे सांगायला हे तिन्ही शब्द लागतात. गटात कुणी पारलिंगी (ट्रान्सजेंडर) असेल तर पुस्तक खरं की खोटं याचा निवाडा त्यांच्यावर टाकू नका. ऑर्लँडोचा बदल वेदनेशिवाय होतो, तिच्याजवळ वाडा आणि पैसा आहे. आपल्या भोवतालच्या माणसांना घर, दवाखाना आणि कागदपत्रं या तिन्ही ठिकाणी झगडावं लागतं. कादंबरी त्यांचं आयुष्य सांगत नाही, ती ओळखीबद्दल एक प्रश्न मांडते.

सॅली पॉटर यांचा १९९२ चा चित्रपट पुस्तक संपल्यावरच बघा. टिल्डा स्विंटनचा चेहरा एकदा डोळ्यांसमोर बसला की पहिली दोन प्रकरणं वाचताना स्वतःचा ऑर्लँडो तयार होत नाही.

सूची वाचून झाली की परत पहिल्या पानावर या. तिथे पहिल्याच सर्वनामानंतर चरित्रकार वाक्य तोडतो आणि खात्री देतो की तो पुरुष होता यात शंका नाही, जरी त्या काळच्या कपड्यांमुळे ते थोडं झाकलं जात होतं. हे वाक्य आता मराठीत लिहा. आधी ‘तो’ने सुरुवात करून, मग ‘ऑर्लँडोने तलवार उगारली’ असं करून. दुसऱ्या मसुद्यात ‘शंका नाही’ हे आश्वासन कुठे बसवायचं, तिथे बराच वेळ जाईल.